पुराचा हिशेब नागरिकांपुढे मांडा

बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड इथे राहणाऱ्या माणसाला पूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जून आला की तळमजल्यावरची कुटुंबे फ्रिजखाली विटा ठेवतात, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतात आणि अंधेरी सबवे बंद झाल्याची बातमी आली की अर्धे पश्चिम उपनगर रस्ता बदलते. वर्षानुवर्षे असेच चालत आल्यामुळे हा सगळा पावसाळ्याचाच भाग आहे, असे आपण धरून चाललो आहोत. ते चूक आहे. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पण पडलेले पाणी कोणत्या वाटेने, किती वेळात आणि किती उंचीने आपल्या दाराशी येते, हे माणसांनी घेतलेल्या निर्णयांवर ठरते. त्या निर्णयांमागचे गणित आपल्याला कधी कोणी दाखवले आहे का?

दहिसर नदी तुळशी तलावापासून निघून राष्ट्रीय उद्यानातून उतरते आणि श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण असे करत मनोरीच्या खाडीला मिळते. लांबी साधारण १२ किलोमीटर. पोयसर त्याच जंगलात उगम पावते आणि कांदिवलीतून मालाडच्या खाडीकडे जाते. ओशिवरा आरेच्या टेकड्यांवरून गोरेगावात उतरते. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यांचे पाणी घेऊन सुमारे १८ किलोमीटरांवर माहीमच्या खाडीत पोहोचते. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या बाजूला डोंगरावरून उतरणारे मोठे नाले आहेत. ते ठाण्याच्या खाडीकडे धावतात. या प्रत्येक प्रवाहाचा पूर मोजता येतो, त्याचा अंदाज आधी बांधता येतो आणि बऱ्याच अंशी तो कमीही करता येतो. म्हणून नागरिक या नात्याने आपली पहिली मागणी पंपाची नाही, भिंतीची नाही आणि नालेसफाईच्या टक्केवारीचीही नाही. ती हिशेबाची आहे. ती का, हे पुढच्या मुद्द्यांत मांडतो.

१. नदी आखूड आहे म्हणून तिचा पूर किरकोळ नसतो. उलट तो अधिक घातक असतो. राष्ट्रीय उद्यानातला जांभूळमाळचा माथा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच आहे आणि तिथून खाडी अवघ्या काही किलोमीटरांवर. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीच्या घाटाला लागेपर्यंत माणसाला सामान हलवायला, गुरे सोडायला, शेजाऱ्याला हाक मारायला वेळ मिळतो. बोरिवलीकराला तो मिळत नाही. डोंगरावर जोराची सर कोसळली की तास-दीड तासात ती पुलाखाली असते. त्यामुळे ‘आज दिवसभरात १५० मिलिमीटर पाऊस झाला’ या आकड्यावरून या नद्यांबद्दल काहीच कळत नाही. तेच १५० मिलिमीटर दिवसभर संथ पडले तर नदी ते वाहून नेते. दोन तासांत पडले तर तेच पाणी घरात शिरते. शिवाय पाऊस कुठे मोजला, यालाही तेवढेच महत्त्व आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहराचे, एकाच दिवसाचे हे दोन आकडे आहेत. पाणलोटात पडलेला, तासातासाने मोजलेला पाऊस ज्या नियोजनाच्या मुळाशी नाही, ते उपनगरातल्या नदीचे नियोजनच नव्हे.

२. हे गणित अवघड नाही आणि ते फक्त अभियंत्यांनीच करावे असेही नाही. एक चौरस किलोमीटर जमीन घ्या. तिच्यावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे पाणी वाहून आले, तर तासाभरात ५०,००० घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर पाणी जमते. सोसायटीत येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर एका तासात ५,००० टँकर. दर सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर. पाणलोट जितके चौरस किलोमीटर, पाऊस जितका जोराचा, तितका हा आकडा वाढत जातो. यातली खरी मेख ‘सगळे पाणी वाहून आले तर’ या अटीत आहे. झाडी, गवत, पालापाचोळा, भुसभुशीत माती असेल तर पावसाचा बराच भाग तिथे थांबतो, मुरतो, सावकाश उतरतो. डांबर, काँक्रीट, पत्रे आणि पेव्हर ब्लॉक असतील तर जवळजवळ सगळे पाणी लगेच खाली येते.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच भाग वाहून येतो, असे धरून बांधलेल्या होत्या. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितले की आता तासाला ५० मिलिमीटर धरा आणि सगळे पाणी वाहून येते असेही धरा. पाऊस दुप्पट झाला, वाहून येणारा हिस्साही दुप्पट झाला. म्हणजे वाहिनीवर येणारा भार चौपट! हे १९९३ साली लिहून ठेवलेले होते. तरी २००५च्या जुलैपर्यंत त्यातली बहुतेक कामे कागदावर राहिली आणि केंद्राने सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले ते २००७ साली, शहर बुडून गेल्यानंतर. २६ जुलैला सांताक्रूझला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच १९० मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी कोणत्याही वाहिनीत मावले नसते, हे मान्य आहे. पण त्या एका दिवसाची सबब दर वर्षीच्या ५०-६० मिलिमीटरच्या सरीला लावून कोणी आपली समजूत घालत असेल, तर ती आपण मान्य करता कामा नये.

३. नदीची क्षमता तिच्या सर्वांत रुंद जागेवर ठरत नाही, सर्वांत अरुंद जागेवर ठरते. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. नमुन्यादाखल १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असा सरळ पाट धरा. त्यातून पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल तर तो सेकंदाला ६० घनमीटर पाणी नेतो. आता त्याच पाटात तळाशी मीटरभर गाळ, राडारोडा आणि प्लॅस्टिक साचले. खोली दोन मीटर उरली. एक तृतीयांश जागा गेली, म्हणजे क्षमताही एक तृतीयांशानेच घटली असे वाटते. तसे होत नाही. उथळ पाण्याला तळाचे आणि काठांचे घर्षण तुलनेने जास्त लागते, त्यामुळे वेगही कमी होतो. हिशेब केला तर क्षमता ६० वरून ३३-३४ घनमीटरांवर येते. एक मीटर गाळाने नदी जवळजवळ निम्मी केली!

आता हाच पाट पुलाखालून न्या. दहिसर, पोयसर, ओशिवरा या तिन्ही नद्यांना खाडी गाठण्याआधी द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो, पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात, लिंक रोड ओलांडावा लागतो आणि मध्ये असंख्य लहानमोठे पूल, मोऱ्या, पादचारी साकव आहेत. प्रत्येक ठिकाणी खांब आहेत, उंची मर्यादित आहे आणि पुलाच्या पोटाशी जलवाहिन्या, केबलचे पाइप आडवे टांगलेले आहेत. पूर आला की वाहून येणाऱ्या फांद्या, गाद्या, थर्माकोल, पिशव्या नेमक्या या आडव्या पाइपांना अडकतात. पुलाखालची निम्मी वाट बंद होते आणि पाणी मागे फुगते. मग पुलापासून बरेच अंतर वर असलेल्या चाळीत पाणी शिरते आणि चाळीतल्या माणसाला कळतही नाही की आपला पूर खालच्या पुलाने आणला. तुमच्या भागातला नेमका कोणता पूल हा असा अडसर आहे, तिथून सेकंदाला किती घनमीटर पाणी जाऊ शकते आणि वरून किती येऊ शकते? ही तीन उत्तरे ज्या नदीसाठी जाहीर नाहीत, त्या नदीवर खर्च होणारा प्रत्येक रुपया अंदाजाने खर्च होतो आहे.

४. नालेसफाईचा हिशेब चुकीच्या मापाने मांडला जातो. दर वर्षी मे महिन्यात आपण वाचतो की इतके टक्के गाळ काढला, इतके टन उचलले, ट्रकच्या इतक्या फेऱ्या झाल्या. नदीला टनांशी काय कर्तव्य? काठावरचा गाळ काढला आणि पुलाखालचा राहिला तर टन भरतात, पूर तसाच राहतो. गाळ उपसून काठावरच ढीग लावला आणि पहिल्या सरीत तो पुन्हा आत गेला तरी टन भरलेले असतात. आणि टन मोजण्यात काय घडू शकते हेही आता समोर आले आहे. मे २०२५मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. गाळ काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर नदीचा छेद, म्हणजे तिची रुंदी आणि खोली, ठरलेल्या ठिकाणी मोजून का दाखवला जात नाही? दर शंभर मीटरवर एक खूण करा, मेमध्ये तळाची पातळी मोजा, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे विभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. त्यासाठी लागणारी उपकरणे कोणत्याही सर्वेक्षकाकडे असतात. कंत्राटदाराचे बिल ट्रकच्या फेऱ्यांवर नको. मोकळ्या झालेल्या छेदावर निघाले पाहिजे.

५. भिंत म्हणजे पूरनियंत्रण नव्हे. गेल्या काही वर्षांत मिठीला आणि पश्चिम उपनगरांतल्या नद्यांना दोन्ही बाजूंनी संरक्षक भिंती घालण्याचा धडाका लागला. काही जागी त्या हव्याच होत्या. काठ ढासळत होते, घरे धोक्यात होती. पण भिंत पाणी संपवत नाही, पुढे ढकलते. वरच्या टप्प्यात नदी पसरायची ती आता भिंतीच्या आत अधिक वेगाने खाली जाते आणि जिथे भिंत संपते तिथल्या वस्तीवर कोसळते. एका काठाची भिंत उंच झाली की समोरचा काठ बुडतो. शिवाय भिंतीमागच्या रस्त्यावर पडलेले पावसाचे पाणी नदीत जायचे कुठून? त्यासाठी ठेवलेल्या तोंडांवर पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपा नसतील, किंवा त्या गंजून उघड्याच अडकल्या असतील, तर नदी वर आल्यावर तिचेच पाणी उलटे गल्लीत शिरते.

भिंत बांधायची तर आधी सांगा, तिच्यामुळे खालच्या वस्तीत पुराची पातळी किती सेंटिमीटर वाढणार आहे. नेदरलँड्स हा समुद्राशी झुंजत बांध घालण्यात जगात सर्वांत वाकबगार देश. १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर त्याच देशाने अनेक ठिकाणी नदीचे बांध मागे सरकवले आणि नदीला पसरायला जागा परत दिली. ज्यांना भिंती बांधणे सर्वांत चांगले जमते त्यांनीच केवळ भिंतीवर भरवसा ठेवणे सोडले असेल, तर आपण तोच मार्ग धरून कुठे निघालो आहोत?

६. आपल्या नद्यांना दोन बाजूंनी पाणी येते, हे विसरून केलेला हिशेब निम्माच असतो. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ मुखे आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठ्या भरतीच्या वेळीही पाणी सोडू शकतील अशी मुखे फक्त ६. म्हणजे साडेचार मीटरांची भरती आणि ताशी ५० मिलिमीटरची सर एका वेळी आली, तर पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. २६ जुलैला नेमके हेच झाले होते.

यावर उपाय म्हणून आठ उदंचन (पंपिंग) केंद्रे ठरली. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. माहूल आणि मोगरा वर्षानुवर्षे रखडली. मोगरा नाला अंधेरी सबवेच्या शेजारून वाहतो. सबवे दर पावसाळ्यात का बुडतो याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पण पंपाने सगळे सुटेल असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाल्याच्या मुखाशी दरवाजा आणि पंप बसवता येतो. भर पुरातली दहिसर किंवा मिठी पंपाने उपसता येत नाही. भरती उतरेपर्यंत त्या पाण्याला थांबायला जागा लागते, आणि ती जागा निसर्गाने खाडीकाठी दिलेली आहे: कांदळवने, चिखलाची मैदाने, मिठागरे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितले. न्यायालयाला ते सांगावे लागले, यातच आपल्या नियोजनाची अवस्था दिसते.

मुलुंडकरांना तर हा प्रश्न आज भेडसावतो आहे. २०२४मध्ये कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्वसनातल्या घरांसाठी राज्याकडे देण्याचे ठरले. धारावीतल्या माणसाला पक्के घर मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. पण त्याला ते घर पुराच्या पाण्याच्या जागेवर देणे हा त्याच्यावरचाही अन्याय आहे आणि मुलुंड-भांडुपच्या डोंगरावरून उतरणारे पाणी जिथे विसावते ती जागा भरून टाकणे हा त्याच्या शेजाऱ्यांवरचाही. या जमिनीवर भरतीच्या वेळी किती पाणी थांबते आणि भराव घातल्यावर ते कुठे जाईल, याचा आकडा मांडल्याशिवाय तिथे एक डंपर मातीही पडता कामा नये.

७. वरचे जंगल हे सुशोभन नाही. ते पूरनियंत्रणाचे काम करते. राष्ट्रीय उद्यानाचे १०३ चौरस किलोमीटर आणि आरेचा हिरवा पट्टा पावसाळ्यात किती पाणी धरून ठेवतात, हे दुसऱ्या मुद्द्यातल्या गणितावरून कोणालाही ताडता येईल. ऑक्टोबर २०१९मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी एका-दोन रात्रींत दोन हजारांहून अधिक झाडे पडली. तेव्हा चर्चा झाली ती झाडांच्या संख्येची आणि मेट्रोच्या गरजेची. मिठीच्या पाणलोटातली ती जमीन काँक्रीटखाली गेल्यावर नदीत सेकंदाला किती घनमीटर पाणी वाढेल, हा प्रश्न मात्र बाजूला पडला. पाणलोटात होणाऱ्या प्रत्येक बांधकामाच्या परवानगीत या एका आकड्याचा रकाना असला पाहिजे.

८. जबाबदारी वाटली गेली आहे, म्हणून ती कोणाचीच उरलेली नाही. एकाच नदीच्या वाटेवर वरती वनविभाग, मग महापालिकेचा पर्जन्यजलवाहिन्या विभाग, मध्येच रेल्वे, कुठे जिल्हाधिकाऱ्यांची जमीन, कुठे म्हाडा, कुठे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि शेवटी खाडी. २००५च्या पुरानंतर मिठीसाठी खास प्राधिकरण नेमले. तरी तिचे वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे आणि खालचे ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे राहिले. नदी वाहते एकसंध. तिचा हिशेब मात्र तुकड्यांत. दहिसर, पोयसर आणि ओशिवऱ्याला तर तेवढेही प्राधिकरण नाही. आणि मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेत प्रदीर्घ काळ लोकांनी निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता. पुरात अडकलेल्या माणसाने दार ठोठावायचे कोणाचे?

अशा वेळी बोट दाखवायला नदीकाठचा झोपडीवासी सोपा सापडतो. त्याची झोपडी प्रवाहात आहे हे खरे आहे. तबेल्यांचे शेण आणि गोदामांचा कचरा नदीत पडतो हेही खरे आहे, आणि तो थांबलाच पाहिजे. पण मिठीचे पाणी अडवणारे सर्वांत मोठे अडथळे कोणाचे आहेत? तिच्या मुखाजवळच्या दलदलीत भराव घालून सुमारे ३७० हेक्टरांचे वांद्रे-कुर्ला संकुल सरकारी यंत्रणेने उभारले. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तिला काटकोनात वळणे घ्यायला लावली तीही नियोजनानेच. तेव्हा झोपडी हटवणाऱ्याने आधी त्या माणसाला सुरक्षित जागी घर द्यावे आणि मग मोठ्या भरावांचा हिशेबही त्याच तराजूत मांडावा. दुर्बळाला उठवायचे आणि बलवानाला परवानगी द्यायची, अशा कारवाईने नदीचा छेद मोकळा होत नाही.

९. पुराची माहिती नागरिकाची आहे. ती कार्यालयाच्या संगणकात राहून उपयोगाची नाही. अभ्यास झाला नाही असे कोणी म्हणू शकत नाही. २००५च्या पुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि मार्च २००६मध्ये तिचा अहवाल आला. चितळे म्हणजे १९९३चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले, जलविज्ञानात जगाने मानलेले मराठी अभियंता. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने मिठीच्या प्रवाहाचा गणिती प्रारूपावर अभ्यास केला. आयआयटी मुंबईत यावर वर्षानुवर्षे काम चालू आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०मध्ये शहरी पुरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जून २०२०मध्ये ‘आयफ्लोज मुंबई’ ही पूरइशारा यंत्रणा सुरू झाली. विद्वत्ता आहे, साधने आहेत, पैसा आहे.

मग सांगलीच्या, कोल्हापूरच्या, पुण्याच्या माणसाला निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द तोंडपाठ आहेत आणि बोरिवलीच्या माणसाला नाहीत, असे का? निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या विभाग कार्यालयाच्या भिंतीवर दहिसर किंवा पोयसर नदीची अशी रेषा काढलेला नकाशा तुम्ही पाहिला आहे का? घर विकत घेताना बिल्डरने, बँकेने किंवा वकिलाने तुम्हाला सांगितले का, की तुमची इमारत रेषेच्या आत आहे की बाहेर?

माहितीने काय होते याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या शेकडो रहिवाशांना वेळेत हलवता आले, कारण तिथे पातळी मोजली जात होती आणि कोणत्या आकड्याला कोणाला हलवायचे हे ठरलेले होते. पोयसरच्या काठावरच्या हनुमाननगरातल्या किंवा दहिसरच्या दौलतनगरातल्या माणसाचा जीव त्याहून स्वस्त नाही.

१०. किंमत सगळेच मोजतात. २००५च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने आणखी माणसे गेली. ती पाण्यात बुडालेली नव्हती, पाण्यातून चाललेली होती. १७-१८ जुलै २०२१च्या रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरले आणि शहराच्या मोठ्या भागाचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा विस्कळीत झाला. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याच्या नळालाही त्या दिवशी पुराने हात घातला होता. नदीचा प्रश्न नदीकाठच्यांचा, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती घटना आठवावी.

आपलाही वाटा यात आहे आणि तो उचलावा लागेल. सोसायटीचे अंगण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काँक्रीटने झाकण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आपणच हात वर करून मंजूर करतो. घराच्या डागडुजीचा राडारोडा कुठे टाकला हे ठेकेदाराला आपण विचारत नाही. हे दोन्ही या वर्षापासून बंद करता येईल, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि तेवढ्यावर न थांबता आणखी एक करा. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या विभाग कार्यालयात, मग ते आर मध्य असो, के पश्चिम, एन किंवा टी, लेखी अर्ज द्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. पाच गोष्टी मागा. आपल्या नदीचे किंवा नाल्याचे पाणलोट किती चौरस किलोमीटर आहे. तासाला ५० आणि १०० मिलिमीटर पावसात त्यात किती घनमीटर पाणी येते. सर्वांत अरुंद पूल कोणता आणि त्याखालून किती पाणी जाते. गाळ काढण्यापूर्वीचा आणि नंतरचा छेद काय आहे. आणि २५ वर्षांच्या पुराची रेषा कोणत्या इमारतींमधून जाते. एकट्याने अर्ज देऊ नका. नदीच्या दोन्ही काठांच्या सोसायट्या, चाळी, वस्त्या आणि दुकानदार यांनी एकाच कागदावर सह्या करा, आणि वरच्या वस्तीची सही खालच्या वस्तीच्या सहीशेजारी असू द्या. मतांसाठी दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला हेच पाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.